गावच्या घराच्या खळ्यात-परड्यात विषारी साप येऊ नयेत म्हणून काही नैसर्गिक उपाय आहे का?

देवगड तालुक्यात नवीन चिरेबंदी घर, आईवडील दोघंच गावी, पावसाच्या तोंडावर खळ्यात (घरापुढच्या अंगणात) दोन फुरशी निघाली आणि न्हाणीजवळ एक मण्यार. आता फिनाईल, लसूण-हिंगाचं पाणी, सर्पगंधा की गवती चहा, यातलं नक्की काय चालतं, असं तुम्ही विचारलंय. मी याच तालुक्यात राहतो, कलमं आहेत, आणि तुमच्या यादीतलं बहुतेक सगळं करून बसलोय. यातलं काहीही चालत नाही.

फिनाईल मी पाच लिटरचा कॅन आणून ओतलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात, रांगोळीची रेघ काढावी तसं घराभोवती. संध्याकाळी पाऊस आला आणि रेघ वहाळात गेली. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात जमिनीवर टाकलेला कुठला वास टिकणार? आणि उन्हाळ्यात टिकला तरी साप त्यावरून निघून जातो. जिभेने त्याला वास कळतो, पण वास म्हणजे काही कुंपण नव्हे. अंगावर थेट पडलं तर मात्र त्याची कातडी भाजते, म्हणजे उपाय नाहीच, नुसता छळ. लसूण, हिंग, डांबरगोळ्या, गंधक, सगळ्याची तीच गत.

सर्पगंधेच्या नावात सर्प आहे, एवढंच. तिच्या मुळात रक्तदाब उतरवणारं द्रव्य असतं, साप पळवणारं नाही. गवती चहाची तर गंमतच झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून मी न्हाणीच्या कडेने पाच-सहा बेटं लावली. दोन पावसाळ्यांत ती कमरेएवढी झाली, बुडाशी बेडूक राहायला आले आणि बेडकांमागे नानेटी आली. ती बिनविषारी, पण ज्या झाडाने साप यायचे थांबणार होते त्याच झाडात तिने घर केलं. चहापुरतं एक बेट ठेवलं, बाकीची उपटली.

मारून टाकणं हा उपाय तुम्ही विचारलेला नाही, पण वाडीत कुणीतरी सांगेलच. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा आपला भागही त्यातच होता) फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. लोकांनी लाखांनी मारली. तुमच्या खळ्यात परवा निघालेली त्यांचीच पतवंडं. कातळ आहे, जांभा आहे, फटी आहेत, तोवर फुरसं राहणार. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षण आहे, ते वेगळंच.

माझी आजी म्हणायची, "जनावर भुकेक येता, तुका बघूक नाय." भूक आणि लपायला जागा, या दोनच गोष्टी हातात आहेत, आणि दोन्ही आपणच पुरवतो.

आमच्याकडे कसं झालं ते सांगतो. मे संपताना आंब्याचा हंगाम आवरला की रिकामे क्रेट मांगराच्या (शेतघराच्या) भिंतीला लावून रचायचे, आढीचा पेंढा तिथेच कोपऱ्यात लोटायचा, ही आमची वर्षानुवर्षांची पद्धत. एका जूनमध्ये खालचा क्रेट ओढला आणि तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज आला. फुरसं होतं. बोटाएवढं जाड, हातभरही नाही, मातकट अंगावर पांढरट नक्षी, आणि डोक्यावर बाणासारखी खूण. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वेटोळं घालून अंगावर अंग घासत होतं, तो त्याच्या खवल्यांचा आवाज. आवाज झाला नसता तर पुढचा हात मी त्याच्यावरच ठेवला असता. मग पेंढा काढला तर खाली उंदरांची बिळं, कुजलेल्या कोयी, विंचू, पाली. यातले उंदीर, विंचू, पाली हे सगळं फुरसं खातं. म्हणजे आम्ही त्याला जेवणासकट खोली दिली होती.

तेव्हापासून क्रेट मांगरात जमिनीपासून दीडेक फूट उंच लाकडी मांडणीवर, भिंतीपासून सुटे. पेंढा हंगाम संपला की त्याच दिवशी कलमांच्या आळ्यात.

तुमच्याकडे सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे घर बांधून उरलेले चिरे. घर नवीन आहे म्हणजे ते कुठेतरी परड्यात रचलेले असणारच, वर झावळ्या टाकून. फुरशाला याहून चांगली जागा नाही. ते घरापासून लांब न्या, आणि नेताना प्रत्येक चिरा पहारीने आपल्या बाजूला उलटवा, म्हणजे खालून काही निघालं तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये चिरा राहतो. खाली बोटं घालून उचलू नका. फुरशाचे बहुतेक दंश हातापायाच्या बोटांवर होतात ते असेच. सोडणं (नारळाची सालं), झावळ्या, जळाऊ लाकडं, शेणी यांनाही हाच नियम. लाकडं लागतातच, पण ती मागील दाराला टेकून नकोत.

गडगा, म्हणजे आवाराची दगडी भिंत, हा दुसरा प्रश्न. सुक्या चिऱ्यांचा गडगा दिसायला सुंदर, पण आतून पोकळ. सगळा पाडायची गरज नाही. घराजवळून जाणारा भाग तेवढा मातीने किंवा सिमेंटने सांधून घ्या. घराच्या चारी बाजूंना दहा-बारा फूट जमीन बोडकी ठेवा. गवत नको, शोभेची दाट झुडपं नकोत, कुंड्यांची गर्दी नको. साप उघड्यावर थांबत नाही, आणि थांबला तर दिसतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा बेणणी (गवत काढणी) करावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण फिनाईलच्या पैशांत गडी येतो.

उंदरांसाठी विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं आणि तेही मरतं, मग पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट. पिंजरा लावा, आणि भात-तांदूळ कणगीत असेल तर झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात हलवा. कोंबड्या असतील तर खुराड्याला बारीक जाळी हवी आणि सांडलेले दाणे रात्री झाडून घ्यायचे. दाण्यांना उंदीर येतात, अंडी-पिल्लांना नाग.

अजून एक, जे लोक उलटं करतात: साप दिसावेत म्हणून खळ्यात रात्रभर मोठा पांढरा दिवा. दिव्याला किडे, किड्यांना बेडूक आणि पाली, त्यांच्या मागे साप. दिवा हवा तेव्हाच लावा. रात्री खळ्यात उतरायचं तर हातात बॅटरी आणि पायात बूट, चारच पावलं जायचं असलं तरी.

आता मण्यार, कारण मला फुरशापेक्षा तिची भीती जास्त वाटते. आधी ती मण्यारच होती का? बिनविषारी कवड्याला लोक सर्रास मण्यार म्हणतात. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेजवळ पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचं उलट, पुढे ठळक आणि मागे विरत जातात. (लांबून किंवा फोटोत बघून. जवळ जाऊन पट्टे मोजू नका.) मण्यार रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावलेलं बरेचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि घरचे पित्त झालं म्हणून बसून राहतात. म्हणून आईवडिलांना पडवीत चटईवर झोपू देऊ नका. खाट, आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. या सगळ्या उत्तरातलं एकच काम करणार असाल तर हे करा. न्हाणीच्या मोरीला जाळी, आणि मागील दाराखाली फट असेल तर रबराची पट्टी, ही दोन कामं सुताराकडून अर्ध्या दिवसात होतात.

चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं, पाला, मांत्रिक यातलं काही नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, 108 ला फोन किंवा मिळेल ती गाडी, आणि थेट सरकारी रुग्णालय. आमच्या वाडीतल्या एका काकूंना झावळी उचलताना फुरसं चावलं तेव्हा मुळी उगाळण्यात तीन तास गेले. पोचल्या तोवर हिरड्यांतून रक्त येत होतं. वाचल्या, पण आठ दिवस राहावं लागलं. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून दाखवायला नेण्याची गरज नसते. फुरशासाठी डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत गोठतं का ते बघतात, त्यावर कळतं. लस कुठे ठेवलेली असते याची चौकशी मात्र आजच करून ठेवा, रात्री दोन वाजता नव्हे. साप घरात असेल तर वनखात्याचा 1926.

परड्यात धामण दिसली तर तुमचे वडील काठी घेऊन धावतील. त्यांना थांबवा. ती म्हशीचं दूध पीत नाही, शेपटीने मारतही नाही, उंदीर मात्र बिळात शिरून खाते. आमच्या विहिरीकडे एक आहे, चांगली सात फुटी. दुपारी ती गडग्यावर ऊन खाताना दिसली की बायको पाणी भरायचं अर्धा तास पुढे ढकलते, एवढाच तिचा त्रास.

गणपतीला याल तेव्हा आठवडाभर आधी कुणाला तरी सांगून बेणून घ्या. आणि ते उरलेले चिरे विकणार असाल तर कळवा, मला गोठ्यामागे भिंत घालायची आहे. उचलायला मी स्वतः येईन, पहार घेऊन.