घरी बनवलेल्या वीज-मॉनिटरचा करंट सेन्सर कॅलिब्रेट कसा करायचा?

अर्ड्युइनो बोर्ड, इमॉनलिब (वीज मोजण्याची तयार कोड लायब्ररी) आणि एससीटी-०१३-००० क्लॅम्प (वायरभोवती मिटणारा करंट सेन्सर) वापरून तुम्ही मॉनिटर बनवलाय. हीटर लावला की आकडा सुमारे १० टक्के कमी येतो आणि सगळं बंद असताना ०.२ अँपिअर दिसतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच औषधाने बरी होणार नाहीत.

आधी ०.२ चं बघू. तो नॉइज आहे, म्हणजे करंट नसतानाही सर्किटमध्ये येणारा फालतू सिग्नल. प्रत्येक वाचनातून सरळ ०.२ वजा करायचा मोह होतो, पण तसं करू नका. मॉनिटर आरएमएस मोजतो, म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, आणि त्यात वर्गांची बेरीज होते. खरा करंट १० अँपिअर असेल तर नॉइज धरून १०.००२ येतो, म्हणजे फरक जवळपास शून्य. खरा करंट ०.३ असेल तर मात्र ०.३६ दिसतो. वजाबाकी करायचीच असेल तर वर्गांची करा आणि मग वर्गमूळ काढा. छोट्या करंटवर नॉइज जास्त जाणवतो, म्हणूनच कॅलिब्रेशन (आकडा खऱ्या मापाशी जुळवणं) नेहमी मोठ्या लोडवर करावं. बल्बवर केलेलं कॅलिब्रेशन मी तरी ग्राह्य धरणार नाही.

आता १० टक्के. क्लॅम्पचं गुणोत्तर २००० (तो करंट इतक्या पटीने लहान करतो) आणि बर्डन रेझिस्टर (त्या करंटचं व्होल्टेज करणारा) ३३ ओहमचा, म्हणून कोडमध्ये गुणक २००० ÷ ३३ = ६०.६ लिहिलेला असतो. हा कागदावरचा आकडा. इमॉनलिब सप्लाय व्होल्टेज मोजताना चिपमधला १.१ व्होल्टचा रेफरन्स (तुलनेसाठीचं ठरावीक व्होल्टेज) वापरते, आणि अटमेगा३२८ या अर्ड्युइनोवरच्या चिपच्या डेटाशीटप्रमाणे तो १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो. तुमचे १० टक्के बहुधा तिथलेच. तरी क्लॅम्पचे दोन्ही जबडे स्वच्छ आहेत आणि पूर्ण मिटतात ना, हे आधी बघा. फटीत कचरा असेल तरी करंट कमी दिसतो.

हीटर किंवा इस्त्रीसारखा शुद्ध रेझिस्टिव्ह लोड (नुसती तापणारी तार, मोटर नाही) घ्या. क्लॅम्प एकाच वायरभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी आत घेतल्या तर बेरीज शून्य होते. प्लग काढून ठेवा, तीच एक वायर क्लॅम्पमधून पाच वेळा फिरवा, मग लोड चालू करा. ८ अँपिअरचे सेन्सरला ४० वाटतात, त्यामुळे वाचनाला पाचाने भागायचं. शेजारी ट्रू-आरएमएस (खरा आरएमएस मोजणारा) तयार क्लॅम्प मीटर धरा, पण त्यातून वायर एकदाच जाऊ द्या. इस्त्रीचा थर्मोस्टॅट मध्येच लोड तोडतो, म्हणून दोन्ही आकडे एकाच क्षणी घ्या.

नवा गुणक = जुना गुणक × मीटरचा आकडा ÷ मॉनिटरचा (पाचाने भागलेला) आकडा. मीटर ८.५ आणि मॉनिटर ७.७ दाखवत असेल तर ६०.६ चे ६६.९ होतील. बोर्ड कायम ज्या अडॅप्टरवर चालणार आहे, त्याच्यावरच हे करा.

व्होल्टेजही मोजत असाल तर ते आधी जुळवा, मग करंट, आणि शेवटी फेज, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्या लहरींमधलं अंतर. हीटरवर पॉवर फॅक्टर (वॅट ÷ व्होल्ट × अँपिअरचा गुणाकार) १ च्या शक्य तितका जवळ येईपर्यंत कोडमधला फेजचा आकडा बदलत राहा. ५ अंशांची फेज-चूक हीटरवर अर्धा टक्काही दिसत नाही, पण ०.५ पॉवर फॅक्टरच्या मोटरवर वॅट सुमारे १५ टक्क्यांनी चुकवते.