230 व्होल्ट, 8 अँपिअर असेल तर रेझिस्टन्स आणि पॉवर किती? हीटरवर 2000 वॉट लिहिलंय, मग हिशोब का जुळत नाही?

भागाकार केला की रेझिस्टन्स, गुणाकार केला की पॉवर. 230 भागिले 8 म्हणजे 28.75 ओहम, 230 गुणिले 8 म्हणजे 1840 वॉट. गणित बरोबर आहे. पण ते 230 तुम्ही मोजले कुठे? बोर्डावर की हीटरच्या टर्मिनलवर?

हे खोदून विचारतोय, कारण अगदी याच आकड्यांवरून माझं एका सिनियरशी वाजलं होतं. पाण्याचा हीटर, प्लेटवर 230 व्होल्ट, 2000 वॉट. तक्रार एकच, पाणी तापायला फार वेळ लागतो. सिनियरनी लाइन बंद करून मल्टिमीटर बझरवर, म्हणजे वायर सलग असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर टाकला, बीप वाजला. "वायरिंग ओके. हीटर म्हातारा झालाय, बदलून टाक." बदलला. नव्या हीटरनेही 8 अँपिअरच घेतले, आणि पाणी तसंच रेंगाळत तापत राहिलं.

मग मी हीटर चालू ठेवून मोजलं. बोर्डावर 230, हीटरच्या टर्मिनलवर 212. म्हणजे हीटरचा रेझिस्टन्स 212 भागिले 8, साडेसव्वीस ओहम. 2000 वॉटच्या हीटरचा तेवढाच असायला हवा (230 चा वर्ग भागिले 2000). त्याला मिळत होते 1696 वॉट. बाकीचे 144 वॉट वाटेत जात होते. मधल्या कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना मीटरच्या पिना लावल्या, तर 18 पैकी 17 व्होल्ट तिथेच. स्क्रू ढिला, तांबं काळं पडलेलं, प्लॅस्टिक करपायला लागलेलं. 17 भागिले 8, म्हणजे जेमतेम दोन ओहम, पण 17 गुणिले 8, म्हणजे 136 वॉट त्या बोटभर तुकड्यात!

सिनियरचं म्हणणं शेवटपर्यंत एकच: "दोन ओहमने काय होतंय?" दोन ओहमने आग लागते. पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. त्याच जॉइंटमधून 16 अँपिअर गेले तर उष्णता चौपट. आणि बझरचं म्हणाल तर तो दोन ओहमलाच काय, वीस ओहमलाही बहुतेक मीटरवर वाजतो. वायर तुटलेली नाही, एवढंच तो सांगतो. जॉइंट चांगला आहे की नाही ते लोडवरचा व्होल्टेज ड्रॉपच, म्हणजे हीटर चालू असताना जॉइंटमध्ये गळणारे व्होल्टच सांगतात. हे ज्याला मान्य नाही त्याने दुसऱ्याचे हीटर बदलायला सांगू नयेत.

तुमचेही आकडे तेच आहेत, म्हणून आधी टर्मिनलवर मोजा. तिथेही 230 भरले तर माझा संशय चुकीचा, मग हीटरचा एलिमेंट किंवा मीटर तपासा.

हा सगळा हिशोब हीटरसारख्या लोडचा. मोटर असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअरला पॉवर फॅक्टर नावाच्या एकाहून लहान आकड्यानेही गुणावं लागतं, आणि व्होल्ट भागिले अँपिअर केल्यावर जे येतं तो नुसता रेझिस्टन्स नसतो. फिलामेंटच्या बल्बला ओहममीटर लावून पॉवर काढू नका. 230 व्होल्टच्या 100 वॉट बल्बचा रेझिस्टन्स पेटल्यावर 529 ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आणि चालू लाइनवर मोजायची सवय नसेल तर स्वतः हात घालू नका. वायरमनला बोलवा, पण त्याने नुसता बीप ऐकवला तर हीटर चालू करून कनेक्टरवरचे व्होल्ट दाखवायला लावा.