बुरशीची कादंबरी आणि रावेरची केळी

प्रश्न: दादा, बुरशीची साथ पसरून गावंच्या गावं मरतात अशी एक हॉरर कादंबरी रात्री वाचून काढली, आता पावाला हिरवं दिसलं तरी धस्स होतं. असं खरंच होऊ शकतं का? – एक वाचक, रावेर

उत्तर: अहो भाऊ, केळीच्या गावात राहून बुरशीला घाबरता? पानावरचा करपा म्हणजे बुरशीच की! मुंग्यांच्या बाबतीत मात्र खरंय, ऑफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी मुंगीच्या अंगात शिरते, मग ती मुंगी आपलं घर सोडून झाडावर चढते, पानाची शीर जबड्यात गच्च धरते आणि तिथंच मरते, नंतर तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ बाहेर येतो (हे मी जेवताना वाचलं, भरीत तसंच राहिलं). पण माणसाचं अंग ३७ डिग्री, बहुतेक बुरशीला तेवढं सोसत नाही. आजारी माणसाचं वेगळं, २०२१ला कोरोनात म्युकर (काळ्या बुरशीचा आजार) पाहिलाच आपण, पण तोही एकाचा दुसऱ्याला लागत नव्हता. लेखक लोक नेमके हेच दोन नियम मोडतात अन् आपली झोप उडवतात. पाव मात्र फेकाच, हिरवं कापून उरलेला खाऊ नका, तंतू आतपर्यंत गेलेले असतात.