‘फाउंडेशन’ मालिकेवर पुस्तकं वाचलेले लोक नाराज का आहेत? आधी वाचावं की आधी बघावं?

तुम्ही विचारलंय की आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ कादंबऱ्यांवरची मालिका सुरू करायची आहे, पण पुस्तकं वाचलेला जो भेटतो तो तिच्यावर रागावलेला असतो. मग हा राग खरा मानायचा का, आणि आधी पुस्तक हातात घ्यायचं की मालिका लावायची. आमच्या घरात या मालिकेवरून तीन पिढ्यांची तीन मतं झाली, आणि त्यातलं एकही मत शेवटपर्यंत जागेवर राहिलं नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी सांगलीची, गावभागात घर. माझे वडील, आण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पुण्यात शिकत असताना त्यांनी फुटपाथवरून पहिले तीन खंड घेतले होते, सत्तरच्या दशकात. मी ते बारावीच्या सुट्टीत शेजारी शब्दकोश ठेवून वाचले. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीतलं कपाट बुडालं. पाणी ओसरल्यावर आण्णांनी ते तीन खंड गच्चीवर पान-पान सोडवत वाळवले. तिसरा खंड काही टिकला नाही. दोन वर्षांनी, 24 सप्टेंबर 2021 ला अ‍ॅपल टीव्ही प्लसवर मालिका सुरू झाली, तेव्हा घरात केवढी उत्सुकता होती ते यावरून समजून घ्या. मी, आण्णा आणि माझी लेक, जिने पुस्तकाचं एक पानही उघडलं नव्हतं, असे तिघं बसलो.

आता आधी पुस्तकांचा गाभा सांगते, कारण सगळं भांडण तिथे आहे. आकाशगंगेभर पसरलेलं, 12,000 वर्षं चाललेलं एक साम्राज्य. हॅरी सेल्डन नावाचा गणिती हिशेब मांडून सांगतो की हे कोसळणार आणि पुढे 30,000 वर्षं अंधार असणार. कोसळणं टळणार नाही, पण आत्ताच तयारी केली तर अंधार 1,000 वर्षांवर आणता येईल. म्हणून आकाशगंगेच्या अगदी कडेच्या टर्मिनस ग्रहावर तो एक वसाहत वसवतो. त्याच्या गणिताचं नाव सायकोहिस्टरी, म्हणजे माणसांच्या समूहाचं गणित. त्याला दोन अटी आहेत: माणसं अफाट संख्येने हवीत, आणि भाकीत काय केलंय हे त्यांना ठाऊक नसावं. एकट्या माणसाबद्दल हे गणित काहीही बोलत नाही. असिमॉव्ह स्वतः रसायनशास्त्रातले, त्यांनी उपमा वायूच्या रेणूंची दिली. आण्णा मला समजावताना कृष्णेची देत. “एक थेंब कुठे जाईल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. पण कोयनेतून इतकं सोडलंय, वर पाऊस इतका आहे, म्हणजे उद्या आयर्विनला पाणी किती, ते मी सांगतो.” पुस्तकांचा सगळा आनंद या वाक्यात आहे. तिथे शूर नायक जग वाचवत नाहीत. परिस्थितीच अशी येऊन ठेपते की वाट एकच उरते, आणि शहाणा माणूस तो, ज्याला ती वाट दिसते आणि जो मध्ये लुडबुड करत नाही.

पहिला भाग तिघांनाही आवडला. जॅरेड हॅरिसचा सेल्डन बघून आण्णा म्हणाले, “हाच तो.” राजधानी ट्रँटर, तिथली थरांवर थर रचलेली वस्ती, खटल्याचा प्रसंग, सगळं मनासारखं.

बिघडलं ते टर्मिनसवर पोचल्यावर. पुस्तकातला सॅल्व्हर हार्डिन हा तिथला पहिला महापौर. हिंसा हा नालायकांचा शेवटचा आसरा, असं मानणारा. शेजारचं अ‍ॅनाक्रिऑन चालून येतं तेव्हा त्याच्याकडे फौज नाही. तो बाकीच्या तीन शेजाऱ्यांकडे जातो आणि एवढंच जाणवून देतो, की टर्मिनस एकट्या अ‍ॅनाक्रिऑनच्या घशात गेलं तर उद्या तुमचं काही खरं नाही. अ‍ॅनाक्रिऑनला माघार घ्यावी लागते. तीस वर्षांनी तेच राज्य पुन्हा उठतं. तोवर हार्डिनने त्यांना अणुशक्ती दिलेली असते, पण धर्माच्या वेषात, पुरोहितांच्या हातून. ऐन स्वारीत जहाजावरचा पुरोहित शाप उच्चारतो आणि जहाज जागच्या जागी मरतं. हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

मालिकेतली सॅल्व्हर ही बंदूक घेऊन सीमेवर फिरणारी पहारेकरी आहे. तिला आतून काहीतरी जाणवतं, जे इतरांना जाणवत नाही. गाल डॉर्निक या तरुण गणितीलाही पुढचं आधी कळतं. म्हणजे टर्मिनस टिकतं ते या दोघींच्या अंगी काही विशेष आहे म्हणून. तीन-चार भाग झाल्यावर आण्णा उठले. “हे थेंबाच्या मागे लागलेत,” म्हणाले, आणि आत जाऊन झोपले. त्यानंतर कितीतरी दिवस ते या मालिकेकडे फिरकले नाहीत.

पुस्तकवाल्यांच्या रागाचं खरं कारण हे आहे, आणि ते मला शंभर टक्के पटतं. दुसरं एक कारण लोक मोठ्या आवाजात सांगतात, ते मला मुळीच पटत नाही. पुरुष पात्रांच्या बायका का केल्या, गोऱ्यांच्या जागी सावळी माणसं का घेतली, असं म्हणणारे खूप आहेत. अहो, 1951 च्या त्या पहिल्या पुस्तकात बायका औषधापुरत्याच सापडतात. दुसऱ्या पुस्तकात खुद्द असिमॉव्ह यांनी बेटा नावाच्या स्त्रीच्या हातात सगळ्या कथेचं पारडं दिलंय. हार्डिन बाई असेल तर गणित कुठे चुकतं? बाई राहून तिने तो मुत्सद्दीपणा केला असता तर मी उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या. अ‍ॅनाक्रिऑनच्या लोकांची पुढारी फारा, तिच्या भूमिकेत आपली कुब्रा सैत आहे, तिला बघून लेकीला तर फारच आनंद झाला होता.

रूपांतर म्हणजे मुळाला हात न लावणं, असं मी मानत नाही. आमच्या सांगलीत तरी तसं कुणी मानू नये. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथे ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला गोष्ट पाठ होती. लोक आले ते ती कशी उभी राहते हे बघायला. पुढे इथून हाकेच्या अंतरावरच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरचा ऑथेल्लो उचलला आणि त्याचा ‘झुंजारराव’ केला. नाव गेलं, गाव गेलं, पोशाख गेला. पण संशय माणसाला आतून कसा खात जातो, ते यंत्र जसंच्या तसं चालू राहिलं. देवलांनी नावं बदलली आणि गाभा ठेवला. या मालिकेने टर्मिनसच्या भागात नावं ठेवली आणि गाभा बदलला. दुखतं ते इथे.

एवढं बोलून थांबले असते तर माझं मत आण्णांसारखंच झालं असतं. पण लेक पुढे बघत होती, आणि तिच्यासोबत मीही. या मालिकेतलं मला सगळ्यांत जास्त आवडलेलं जे आहे, ते पुस्तकात नाहीच.

(पुढच्या दोन परिच्छेदांत पहिल्या पर्वातलं थोडं उघड होईल.)

साम्राज्याच्या गादीवर क्लिऑन नावाच्या एकाच सम्राटाच्या प्रतिकृती, म्हणजे क्लोन, बसतात, एका वेळी तिघं. कोवळा ब्रदर डॉन, ऐन उमेदीतला ब्रदर डे आणि म्हातारा ब्रदर डस्क. पहाट, दिवस आणि सांज. सांज मावळली की पहाटेचा दिवस होतो, पाळण्यात नवी पहाट येते. एकाच माणसाचे तीन चेहरे एका जेवणाच्या टेबलावर, एकाच लयीत घास घेतायत, हा प्रसंग मी विसरू शकत नाही. असिमॉव्ह यांच्या पुस्तकांत क्लिऑन नावाचे सम्राट आहेत, पण ही प्रतिकृतींची कल्पना डेव्हिड गोयर आणि जॉश फ्रीडमन या मालिकाकर्त्यांची. साम्राज्य म्हणजे बदलाला नकार, ही गोष्ट सेल्डन आकड्यांत सांगतो. ती इथे रक्तामांसात दिसते. एका पहाटेला रंग नीट दिसत नाहीत. एवढीच उणीव, आणि ती लपवताना त्या पोराची होणारी तगमग. मग कळतं की मूळ नमुन्यातच भेसळ झालीय, म्हणजे जो बदलू नये म्हणून एवढा खटाटोप केला तो केव्हाच बदललाय.

ली पेसचा ब्रदर डे तर वेगळाच. प्रतिकृतीला आत्मा नसतो असं एक धर्मपीठ म्हणायला लागतं, तेव्हा आत्मा सिद्ध करायला तो अनवाणी, तहानलेला, रणरणत्या वाळवंटातून एक खडतर परिक्रमा करतो. शेवटी दर्शन झाल्याचं सांगतो. झालेलं नसतं. आणि हे सम्राटांच्या सेवेतल्या डेमर्झेलला कळतं, जी यंत्र असूनही मनापासून श्रद्धा ठेवून आहे. तो भाग संपल्यावर मी आण्णांना उठवून आणलं आणि पुन्हा लावला. ते काही न बोलता शेवटपर्यंत बसले. मग म्हणाले, “शाहू महाराज 1749 ला गेले, पुढे कारभार पुण्याला गेला, तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. गादीला विधी सोडवत नाहीत.” 2023 ला दुसरं पर्व आलं तेव्हा ते आतल्या खोलीतून विचारायचे, “ते तिघं भाऊ आले का?” आले म्हटलं की बाहेर यायचे, टर्मिनस सुरू झालं की परत आत.

मला वाटतं मालिकाकर्त्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. मूळ कथा 1942 पासून मासिकात सुटी सुटी येत होती. मध्येच काही दशकांची उडी, बहुतेक कथांत नवी माणसं. पडद्यावर तेच चेहरे टिकवायचे कसे? प्रतिकृती हे त्याचं सुंदर उत्तर. सॅल्व्हर आणि गाल यांना कित्येक वर्षं निजवून ठेवणं हे त्याच प्रश्नाचं ओढून आणलेलं उत्तर. आणि पुस्तकं तशीच पडद्यावर आणा म्हणणाऱ्यांना एक सांगते. तीस वर्षांनी चौथं पुस्तक लिहायला घेताना असिमॉव्ह यांनी आपलेच तीन खंड पुन्हा वाचले, आणि काहीतरी घडेल याची आपण वाट बघत राहिलो, पण घडलं काहीच नाही, नुसतं बोलणं आणि विचार, अशी कबुली त्यांनीच लिहून ठेवलीय. आम्हाला ते बोलणंच प्रिय आहे, ती गोष्ट वेगळी. दहा भागांचं पर्व त्यावर उभं राहणं कठीण होतं.

गंमत म्हणजे लेकीने नंतर पहिलं पुस्तक वाचलं तेव्हा तीही चिडली, उलट्या बाजूने. “यात ते तिघं कुठेच नाहीत!” दोन दिवस तिने पुस्तक बाजूला ठेवलं. मग पुरोहिताच्या शापापाशी पोचली आणि रात्री साडेअकराला माझ्या खोलीत आली, “आई, जहाज बंद पडलं गं!” तेवढ्यासाठी मला ही मालिका माफ आहे. तिच्यामुळे घरातल्या तिसऱ्या माणसाने ते पुस्तक उघडलं.

तर तुमच्यासाठी. पहिलं पुस्तक आधी वाचा. ते छोटं आहे, भाषा साधी आहे, आठवड्यात होईल. मग पहिली दोन पर्वं बघा, आणि टर्मिनसवर जे चाललंय ते वेगळी गोष्ट समजून बघा. राजवाड्याचे प्रसंग मात्र मन लावून. तिसऱ्या पर्वाच्या आधी थांबा. 2025 मध्ये आलेल्या त्या पर्वात म्यूल येतो, सेल्डनच्या गणितात न बसणारा एकटा माणूस. दुसऱ्या पुस्तकाचा उत्तरार्ध त्याचाच आहे, आणि त्यातलं रहस्य उलगडतं तो क्षण वाचकाला एकदाच मिळतो. मालिकेने त्या रहस्याला स्वतःचं वेगळं वळण दिलंय, म्हणून एक दुसऱ्याला झाकून टाकेल. दुसरं पुस्तक पुरं करूनच तिसरं पर्व लावा, आणि तोवर म्यूलबद्दल कुणालाही काही विचारू नका, मलाही नाही. माझी लेक सध्या त्याच पानांत आहे. आण्णांनी आणि मी जेवताना तो विषय काढायचा नाही, असं तिने बजावून ठेवलंय.