कॉपीराइटच्या तक्रारीवरून संपूर्ण संकेतस्थळ बंद करता येते का?

आपण विचारले आहे की, कॉपीराइटच्या एका तक्रारीवरून भारतात संपूर्ण संकेतस्थळ बंद करता येते का, आणि त्यावरचा वादाबाहेरचा मजकूरही त्यात अडकला तर चालकाने दाद कशी मागावी. बंद करता येते, हे पहिल्या भागाचे उत्तर. दुसऱ्या भागाचे उत्तर मला स्वतःला एकवीस दिवस मोजत शिकावे लागले, म्हणून ते विस्ताराने लिहितो.

मी बडोद्याचा, दांडिया बझारात राहणारा, आणि माझी सगळी नोकरी ग्रंथालयात झाली. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे केले आणि पेट्यांत भरलेली पुस्तके खेड्यापाड्यांत फिरवली. त्या काळी छापलेली मराठी पुस्तके आज कसर खात आहे, म्हणून आम्ही चार निवृत्त मंडळींनी ती स्कॅन करून एका लहानशा संकेतस्थळावर ठेवायला सुरुवात केली. आमचा नियम एकच होता : 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो, तेव्हा ती मुदत उलटलेलीच पुस्तके घ्यायची.

2019 साली एका सकाळी संकेतस्थळ उघडेना. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते होते तिच्याकडून आदल्या रात्री दोन ओळींची मेल आली होती : कॉपीराइटची तक्रार आल्यामुळे खाते स्थगित करण्यात आले आहे. तक्रार कोणाची, कोणत्या पुस्तकाबद्दल, याचा उल्लेख नव्हता. तीन दिवस फोन केल्यावर कळले की एका प्रकाशकाने एकाच पुस्तकावर हक्क सांगितला आहे, आणि त्या एका पुस्तकापायी आमची एकशे चाळीस पुस्तके बंद झाली आहेत. ग्रंथालयात एखाद्या पुस्तकावर हरकत आली तर आम्ही ते पुस्तक कपाटातून काढून बाजूला ठेवत असू. इमारतीला कुलूप लावण्याची कल्पना कोणाच्या मनातही येत नसे.

ते पुस्तक माझ्या टेबलावरच होते. मुखपृष्ठाच्या मागे ‘आवृत्ती पहिली, प्रती 1000, किंमत 12 आणे’ अशी ओळ आणि खाली बडोद्याच्या छापखान्याचे नाव. लेखक 1938 साली वारलेले. प्रकाशकाने अलीकडे त्याची नवी आवृत्ती काढली होती आणि तिला नवी प्रस्तावना जोडली होती. ती प्रस्तावना आणि त्यातल्या टीपा त्यांच्या मालकीच्या, यात वाद नाही. परंतु मूळ मजकुरावरचा हक्क एकदा संपला की पुनर्मुद्रणाने तो पुन्हा जिवंत होत नाही, आणि आम्ही तर जुनी पहिली आवृत्तीच स्कॅन केलेली होती.

आता कायद्याकडे येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69ए खाली सरकार संकेतस्थळे बंद करते, पण त्या कलमातली कारणे देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा स्वरूपाची आहेत. कॉपीराइट त्यांत नाही. म्हणून कॉपीराइटच्या वादात आदेश बहुधा न्यायालयाकडून येतो किंवा तक्रारदाराच्या नोटिशीवरून कारवाई होते. चोरट्या चित्रपट-प्रतींसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने 2023च्या अखेरीस नेमलेले अधिकारी हा तिसरा मार्ग आहे, तो आपल्या प्रश्नाच्या बाहेरचा.

नोटिशीचा मार्ग कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(सी) आणि 2013च्या नियमावलीतील नियम 75 यांत आहे. मजकूर साठवणाऱ्या कंपनीकडे केलेली तक्रार लेखी हवी. तिच्यात कृती कोणती, तक्रारदार तिचा मालक कसा, आक्षेपार्ह प्रत नेमकी कुठे आहे, हे सांगावे लागते आणि आपण न्यायालयात दावा लावू अशी हमीही द्यावी लागते. मग 36 तासांत ती प्रत अडवली जाते, पण केवळ 21 दिवसांसाठी. तेवढ्या दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर प्रत पुन्हा खुली करता येते, आणि त्याच तक्रारदाराच्या त्याच कृतीबद्दलच्या पुढच्या नोटिशीला दाद देण्याचे बंधन राहत नाही. ही मुदत फार थोड्यांना ठाऊक असते. पुष्कळ जण नोटीस आली की घाबरून स्वतःच सगळे पुसून टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

न्यायालयाचा मार्ग अधिक कठीण, कारण तिथे चालकाला पुष्कळदा पत्ताही लागत नाही. चित्रपट प्रदर्शित होण्याआधी निर्माते अज्ञात प्रतिवादींविरुद्ध, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘अशोक कुमार’ आदेश म्हणतात तो, मनाई हुकूम घेतात आणि संकेतस्थळांची यादी इंटरनेट कंपन्यांच्या हाती देतात. 2012 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा आदेशावर बोट ठेवून कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन अशी अख्खी संकेतस्थळे बंद केली. पुढे न्यायालयाला खुलासा करावा लागला की आदेश नेमक्या पानांपुरता आहे. तरीही ऑगस्ट 2017 मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या आदेशाखाली अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळांच्या यादीत इंटरनेट आर्काइव्ह सापडले. लाखो जुनी पुस्तके ठेवणारे ते भांडार काही दिवस भारतातून अनेकांना उघडेना.

यामागे एक तांत्रिक अडचणही आहे. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीला आपण कोणत्या संकेतस्थळावर जातो एवढेच दिसते, तिथले कोणते पान उघडतो ते दिसत नाही. म्हणजे एकच पान अडवा असे न्यायालयाने सांगितले, तरी कंपनी एक तर सगळे अडवू शकते, नाही तर काहीच नाही. एकटे पान काढणे फक्त संकेतस्थळाच्या चालकाला किंवा सर्व्हर पुरवणाऱ्याला शक्य असते. म्हणूनच आधी चालकाला लिहिणे हा माझ्या मते शिष्टाचाराचा भाग नसून न्यायाचाच भाग आहे.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 2016 साली याबाबत जो आग्रह धरला तो मला योग्य वाटतो : यादीतल्या दुव्यांची पडताळणी झाल्याशिवाय ते अडवायचे नाहीत, आणि अडवलेल्या पानावर कारण व दाद मागण्याची सोय दिसली पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2019 रोजी मात्र, ज्यांचा मुख्य धंदाच चोरीच्या प्रती वाटण्याचा आहे अशी संपूर्ण संकेतस्थळे आणि पुढे नव्या नावाने निघणाऱ्या त्यांच्या प्रतिकृतीही अडवण्याची वाट मोकळी केली. खऱ्या चोरांसाठी हे मला मान्य आहे; चित्रपटाची पहिल्या दिवशीच चोरटी प्रत निघाली तर त्यावर राबलेल्या माणसांचे नुकसान होतेच. परंतु तो निकष चोरासाठी आहे, एकशे चाळीसांत एका पुस्तकावर वाद असलेल्या संग्रहासाठी नाही.

आता आपण काय करावे. नोटिशीची पूर्ण प्रत लेखी मागावी आणि ती नियम 75शी ताडून पाहावी. न्यायालयात जाण्याची हमी तिच्यात नसेल, तर ते पहिल्याच उत्तरात दाखवून द्यावे. सगळे खाते न अडवता केवळ वादग्रस्त फाइल बाजूला ठेवावी, अशी मागणी त्याच पत्रात करावी. तक्रार निराधार असून धमक्या चालूच राहिल्या, तर कलम 60 खाली आपल्यालाही दावा लावता येतो. तुमचे नाव एखाद्या न्यायालयीन यादीत असेल, तर त्याच न्यायालयात त्याच दाव्यात अर्ज द्यावा लागतो. त्यासाठी वकिलावाचून गत्यंतर नाही.

आम्ही मुखपृष्ठाचा, छापखान्याच्या ओळीचा आणि लेखकाच्या निधनाची बातमी असलेल्या जुन्या अंकाच्या कात्रणाचा फोटो जोडून उत्तर पाठवले. पाचव्या दिवशी बाकीची पुस्तके खुली झाली. ते एक पुस्तक बावीस दिवस बंद राहिले. प्रकाशक न्यायालयात गेलाच नाही, आणि तेविसाव्या दिवशी तेही परत आले. तेव्हापासून प्रत्येक स्कॅनचे पहिले पान म्हणून आम्ही लेखकाच्या मृत्यूच्या सालाचा पुरावा लावतो.