डाव दाखवू नकोस

प्रिय मित्रा,

तुझी स्क्रिप्ट वाचली. ऑनलाइन रमीत बुडालेल्या माणसावर पंधरा मिनिटांची फिल्म, आणि त्यातली पहिली चार मिनिटं तो नुसता जिंकतोय. स्लो मोशन, ढोल, स्क्रीनभर हिरवे आकडे. ‘हे नसेल तर प्रेक्षक उठून जाईल’ असं एडिटर म्हणाला आणि तू गोंधळलास. गोंधळण्यासारखं काय आहे त्यात? डाव दाखवू नकोस.

समोर कोण बसणार आहे बघ. खेळ सोडून जेमतेम दोन महिने झालेला कुणीतरी त्यांच्यात असतोच. पत्ते पिसल्याचा आवाज, ‘थोडक्यात हुकलं’ असा एक क्लोजअप, एवढ्यानं त्याची तलफ जागी होऊ शकते. 2013 साली डीएसएम-5नं, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन ग्रंथानं, जुगाराचं व्यसन दारू आणि ड्रग्जच्या प्रकरणात नेऊन बसवलं, ते उगाच नाही. तू चार मिनिटं जाहिरात करणार आणि अकरा मिनिटं माफी मागणार!

कॅमेरा पैशाच्या मागावर लाव. बँकेतलं पासबुक छापायचं मशीन घे. आठ महिने न छापलेलं पासबुक बायको आत सरकवते. मशीन करकरतं, पान उलटायला सांगतं, पुन्हा करकरतं. मागे रांग खोळंबलेली. तिचं बोट ओळींवरून खाली येतं: 200, 500, 500, 2000, 5000. तारीख एकच. रकमा फुगतात, कारण तो आता जिंकायला खेळत नाही, गेलेलं वसूल करायला खेळतोय. इथे संवाद नको. पासबुक नकली छापून घे, बँकेचं नाव आणि खाते क्रमांक बनावट. मशीनचा आवाज वेगळा रेकॉर्ड कर, शाखेच्या गोंगाटात तो नीट मिळत नाही.

शेवटी मामा येऊन कर्ज फेडतो, तेही काप. घरच्यांनी एकरकमी फेडलं की उसने मागायचे रस्ते पुन्हा मोकळे होतात आणि खेळ परत सुरू होतो. त्याऐवजी सगळी देणी एका वहीत लिहिलेली, डेबिट कार्ड बायकोकडे, फोनवरचं यूपीआय बंद, रोज खर्चापुरती रोकड, रविवारी दोघांनी मिळून स्टेटमेंट बघणं, समुपदेशकाकडची फेरी. मध्ये एकदा घसरलेलाही दाखव. कंटाळवाणं वाटेल. वाटू दे. बरं होणं असंच दिसतं, आणि ते दिसल्याशिवाय लोकांच्या मनातला ‘जुगारी’ हलत नाही. लोक मला अरसिक म्हणतात, पण या हट्टावरून मी हटणार नाही.

खऱ्या माणसाची मुलाखत घेणार असशील तर चेहरा धूसर करू नकोस. तो बातमीतल्या आरोपीसारखा दिसतो. पाठमोरा घे, हात घे, आवाज नटाचा वापर, कारण गावात आवाजावरूनही माणूस ओळखतात. संमती दोनदा घे: शूटिंगआधी, आणि एडिट दाखवून झाल्यावर. नाही म्हणाला तर तो भाग निमूट काढ. 2025च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पण 1887च्या जुगारबंदी कायद्यात अड्ड्यावर सापडलेलाही अडकतो. तेव्हा मटक्याबद्दल बोलणाऱ्याला जास्तच जप.

आत्महत्येच्या प्रसंगात पद्धत दाखवायची नाही, चिठ्ठीही नाही. डब्ल्यूएचओनं 2019मध्ये खास चित्रपट-नाटकवाल्यांसाठी पुस्तिका काढली आहे, ती आधी वाच.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर श्रेयनामावलीत कोंबू नकोस. काळा पडदा, मोठे आकडे, पूर्ण दहा सेकंद, आणि कुणीतरी तो मोठ्यानं वाचायचा. फिल्म दाखवून झाल्यावर अर्धा तास चर्चेला ठेव, समुपदेशक हजर हवा. ‘कुणाला त्रास आहे?’ असं सभागृहात विचारायचं नाही. समुपदेशकानं बाहेर चहापाशी थांबायचं. ज्याला बोलायचंय तो तिथे येतो.

एडिटर पुन्हा भांडला तर त्याला हे पत्र दाखव. पुढचा खर्डा पाठवशील तो पासबुकाच्या मशीनपासून सुरू झालेला हवा.