चारशेचं कासव आणि अठ्ठावीस हजारांचं बिल

प्रश्न : आमच्याकडे नऊ वर्षांपासून लाल कानपट्टीचं पाणकासव आहे, नाव बंड्या. मत्स्यालयाच्या दुकानातून ४०० रुपयांना आणलं होतं. गेले दहा दिवस ते काही खात नाही, रात्रभर टाकीच्या काचेवर पंजे मारत असतं. डॉक्टर म्हणाले, हा बंड्या नाही, मादी आहे, आणि बहुतेक अंडी अडकली आहेत. एक्स-रे, रक्ततपासणी, इंजेक्शनं मिळून सहा हजार. शस्त्रक्रिया लागलीच तर आणखी बावीस हजार. आम्हा दोघांचा हातात येणारा पगार ६८,००० आहे. घराच्या हप्त्यासकट महिन्याचा न टळणारा खर्च ५५,०००. अडीनडीसाठी १,६५,००० ची एफडी आहे. मुलीच्या (वय ६) शिक्षणासाठी ४,००० ची एसआयपी, आणि केरळच्या सहलीसाठी ४,००० ची आरडी, तिचे आठ हप्ते भरून झालेत. सासूबाई म्हणतात, चारशेच्या कासवावर अठ्ठावीस हजार घालणं म्हणजे वेडेपणा. नवरा म्हणतो, क्रेडिट कार्डावर टाकू, हप्ते करून घेऊ. एसआयपी थांबवू की एफडी मोडू? (डोंबिवली)

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचा मुद्दा घेते, कारण घरात वाद तिथेच अडलेला दिसतोय. ते चारशे रुपये नऊ वर्षांपूर्वी दुकानदाराच्या गल्ल्यात गेले. आजच्या हिशेबात त्यांना जागा नाही. घराला गळती लागली की आपण वीट किती रुपयांना आणली होती ते शोधत बसत नाही. मात्र सासूबाईंच्या बोलण्यात एक खरी काळजी आहे : हा खर्च इथेच थांबणार आहे का? तिच्याकडे मी पुढे येते.

तुम्ही अठ्ठावीस हजार हा एकच आकडा धरून बसला आहात. ते दोन वेगळे निर्णय आहेत, आणि आज फक्त पहिला घ्यायचा आहे. माझ्याकडे पैशांचा सल्ला घेणाऱ्यांत एक पशुवैद्य आहेत, त्यांना फोन करून समजून घेतलं. नराशिवायही मादी कासव अंडी धरते. ती घालायला तिला कोरडी, उकरता येईल अशी माती-वाळू लागते. काचेच्या टाकीत ती मिळाली नाही की मादी अस्वस्थ होते, बाहेर पडायची धडपड करते, खाणं सोडते. तुम्ही लिहिलेलं ते रात्रीचं काचेवर पंजे मारणं बहुधा हेच असावं. पुष्कळदा कॅल्शियम आणि ऑक्सिटोसिन (कळा आणणारं औषध) यांच्या इंजेक्शनावर काम भागतं. कासवांना हे औषध चांगलं लागू पडतं म्हणे. पण अंडं फुटलेलं किंवा वाटेत मावणार नाही इतकं मोठं असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. म्हणून एक्स-रेचे पैसे वाचवू नका. सहा हजारांतला सगळ्यात कामाचा खर्च तोच आहे, कारण पुढचे बावीस हजार लागणार की नाही हे बरंचसं त्यावरून कळतं. रक्ततपासणी लगेच हवी की दोन दिवस थांबता येईल, हे मात्र डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. डॉक्टरांना असे प्रश्न रोजचे असतात.

आता पैसा कुठून काढायचा. कार्ड नको. बिलाची तारीख उलटून रक्कम पुढे ओढली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. अठ्ठावीस हजारांवर ९८० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ११५६ रुपये नुसते वाया. हप्ते करून घेतले तर व्याज कमी पडेल, पण प्रक्रिया शुल्क आलं, व्याजावर जीएसटी आलाच. खात्यात पैसे असताना हे कशाला?

एसआयपीला हात लावू नका, आणि एफडीलाही नको. तुमच्या १,६५,००० मध्ये बरोबर तीन महिन्यांचा खर्च बसतो, घराचा हप्ता डोक्यावर असताना त्याहून खाली मी कुणालाच जाऊ देत नाही. नोकरी गेली, कुणाला दवाखान्यात ठेवावं लागलं, तर ती रक्कम आहे.

गंमत म्हणजे पत्रात पैसे तुम्हीच दाखवले आहेत, पण पर्यायांत धरले नाहीत. आरडीत ३२,००० जमा आहेत. सहल ही हौस आहे, आणि कासव पाळणं हीही हौसच होती. आता त्या हौसेला जीव आहे, एवढाच फरक. हौसेचं बिल हौसेच्या पाकिटातून गेलं की मुलीच्या शिक्षणाला आणि घराच्या सुरक्षेला धक्का लागत नाही. मुदतीआधी बंद केल्यावर बँक व्याजाचा दर थोडा कापते, इतक्या लहान आरडीत ते नुकसान फार तर शंभर-दीडशे रुपयांचं. पहिल्या टप्प्याचे सहा हजार तर खर्च, एसआयपी आणि आरडी जाऊन महिन्याला उरणाऱ्या पाच हजारांत थोडी भर घालून निघतील. आरडी मोडायची ती शस्त्रक्रिया ठरली तरच.

केरळ तेवढं लांबेल. चिडू नका, पण मार्चमध्ये वेळासला जाऊन या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावात ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, राहणं-जेवणं गावकऱ्यांच्याच घरी. मुलीला कदाचित हाऊसबोटीपेक्षा तेच जास्त आवडेल.

शस्त्रक्रियेबाबत माझं मत पत्रावरून ठाम देता येत नाही, पण हिशेबाची एक बाजू सांगते. इंजेक्शनाने अंडी बाहेर आली तरी पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रसंग येऊ शकतो. शस्त्रक्रियेत अंडाशय काढलं तर तो प्रश्न कायमचा मिटतो. डॉक्टरांना विचारा की बावीस हजारांत ते धरलं आहे का, आणि भूल, भरती, नंतरची औषधं वेगळी लावणार का. आकडा कागदावर लिहून घ्या. आणि घरी बसून आपली कमाल मर्यादा आधीच ठरवा. ऑपरेशन टेबलशेजारी उभं राहून ती ठरवता येत नाही. माझ्या मते तुमच्यासाठी ती तीस हजार. त्यापलीकडे जाणार असेल तर वेदना न होता निरोप देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला लाज नको. 'बघू, आपोआप होईल' म्हणत टाकीत ठेवणं हा मात्र फुकटचा पर्याय नाही, पोटात अंडं फुटून जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि तलावात सोडणं तर नकोच. ही जात मूळची अमेरिकेतली, आपल्याकडच्या कासवांच्या मुळावर येते.

खासगी दवाखान्याचा आकडा झेपत नसेल तर परळ आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय १८८३ पासून तिथे चालतं, त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून. खर्च सहसा कमी येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार कोणत्या दिवशी असतात ते आधी फोनवर विचारा, नाहीतर स्लो लोकलचा हेलपाटा पडेल. कासव पाण्यात न्यायचं नाही. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओला पंचा अंथरून न्यायचं.

आता सासूबाईंची खरी काळजी. नीट निगा राखली तर हे कासव वीस-तीस वर्षं, कधी त्याहून जास्त जगतं. तुमची लेक सव्वीस वर्षांची होईल तेव्हाही बंड्या टाकीत असेल. वाळूचा टब एकदाच, दोन-अडीचशेत होईल. अतिनील किरणांच्या दिव्याची नळी मात्र दिसायला पेटत असली तरी सहा ते बारा महिन्यांत बदलावी लागते. मला वाटतं तुमच्याकडे ती लावलेलीच नाही, कारण पत्रात तिच्या खर्चाचा उल्लेखच नाही. खाणं, नळी, हीटर, वर्षातून एकदा डॉक्टर, असे महिन्याला ७०० रुपये धरा. वर्षाचे ८,४००, वीस वर्षांचे महागाई न धरता १,६८,०००. आजच्या बावीस हजारांपेक्षा खरा निर्णय हा आहे, आणि तो सासूबाईंसमोर मांडा. प्राणी-विम्यावर भिस्त ठेवू नका, आपल्याकडच्या योजना मुख्यतः कुत्र्या-मांजरांच्या आहेत. शस्त्रक्रिया टळली तर आरडीची मुदत संपल्यावर तिच्यातले सात-आठ हजार 'बंड्या' नावाच्या वेगळ्या खात्यात टाका.

एक्स-रे उद्याच करून घ्या, रविवारची वाट बघू नका. आणि टाकी साफ केल्यावर लेकीचे हात साबणाने धुवून घेत जा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, आणि त्याचं बिल एफडीतून जाईल.